डबल बेल वाजेपर्यंत

काकाजी दिसेल त्याला दंडवत घालत. महानुभाव पंथातली माणसं भेटली की एकमेकांना 'दंडवत प्रणाम' म्हणतात, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतं. पण काकाजींचा दंडवत पंथापुरता नव्हता. परतवाड्याच्या स्टँडवरचा चहावाला, चौकातला पोलीस, घाटात रस्ता अडवून बसलेली वानरं, समोरून येणारा संत्र्यांचा ट्रक, सगळ्यांसाठी खिडकीतून एक हात वर जायचा आणि खणखणीत आवाज यायचा, "दंडवत!" वानरंसुद्धा हळूहळू बाजूला होत. मला तेव्हा वाटायचं, ती हॉर्नला नाही, या माणसाच्या आवाजाला रस्ता देतात.

ते एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर होते आणि मी त्यांचा कंडक्टर. अमरावतीहून निघायचं, परतवाड्याला चहा घ्यायचा आणि घाट चढून चिखलदऱ्याला जायचं. कित्येक वर्षं आम्ही दोघांनी हाच रस्ता केला. काकाजी गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. मी अकोल्याला एका कचेरीत नोकरी करतो, टेबलावर बसतो, माझ्या हाताखाली माणसं आहेत. तरी रस्त्यावरून लाल गाडी गेली की मान आपोआप ड्रायव्हरच्या खिडकीकडे वळते.

मी दर्यापूरकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तेव्हा आईने गल्लीत साखर वाटली. त्यानंतर बरेच दिवस मी घरीच बसून होतो. साखर खाल्लेले लोक भेटले की विचारत, "मंग, कोठी लागला?" शेवटी कंडक्टरची नोकरी लागली. डेपोत पहिल्या दिवशी हेड मेकॅनिकने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ग्रॅज्युएट हाय म्हनते! जा, दंडवतवाल्याच्या गाडीवर जा. तोबी येडा, तूबी येडा. जमन तुमचं."

गाडीजवळ गेलो तर ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नव्हतं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. मी म्हटलं, "नमस्कार."

"दंडवत," गाडीखालून उत्तर आलं. "तो पाना दे बरं इकडं."

अशी आमची ओळख झाली.

निघण्याआधी ते स्टेअरिंगवर कपाळ टेकवत आणि मनातल्या मनात नाम घेत. त्याला किती वेळ लागेल याचा नेम नसे. मागून कोणी ओरडायचं, "झोपले का जी ड्रायव्हर साहेब?" काकाजी तसेच. डोकं वर काढलं की पहिल्यांदा माझ्याकडे, आरशात, बघत. मी डबल बेल दिली की गाडी हलायची.

बेलच्या बाबतीत तर ते फारच कडक होते. गाडीतली पोरं कंडक्टरची गंमत म्हणून बेलची दोरी ओढत. दुसऱ्या एका ड्रायव्हरने अशाच बेलवर गाडी काढली होती आणि मी परतवाड्याच्या स्टँडवर हातात वडापाव घेऊन गाडीमागे पळालो होतो. काकाजींच्या बाबतीत हे कधी घडलं नाही. कॉलेजच्या पोरांनी एकदा दोरी ओढली, दोनदा ओढली, गाडी जागची हलली नाही. मी आल्यावर ते म्हणाले, "तुया हात मले कयते. तू दोरी ओढतो तं दुसरी बेल जराशीक लांबते. हे दुसऱ्याचा हात होता."

"आणि घाई असलेल्या पॅसेंजरने ओढली असती तर?"

"घाई सगळ्यायलेच हाय. मी ज्याची बेल ऐकतो त्याचीच ऐकीन. दहा जनायच्या बेलवर गाडी काढली तं कोनी ना कोनी चाकाखाली येईन."

त्यांनी तरुणपणी रिद्धपूरला, पंथाच्या तीर्थात, एका वृद्ध साधूंकडून उपदेश घेतला होता. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवतेपुढे हात जोडायचे नाहीत, तिचा प्रसाद घ्यायचा नाही, जीव मारायचा नाही. पाणी ते फडक्यातून गाळून पीत. पावसाळ्यात रस्त्यावरून साप जात असला तर गाडी थांबे, आणि साप पलीकडच्या गवतात दिसेनासा होईपर्यंत थांबलेली राहे. एकदा एक गुरुजी वैतागून म्हणाले, "अहो, त्याच्यासाठी आमची शाळा बुडते!" काकाजी मागे न वळता म्हणाले, "गुरुजी, त्याले तिकीट नाई, पन रस्ता तं त्याचाबी हाय."

घाटात, निम्म्याच्या वर चढल्यावर, एका मोठ्या वळणावर देवीचं ठाणं आहे. सागाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, बाजूला त्रिशूळ, दोन-तीन घंटा. खाली दरी. जाणारी-येणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. ड्रायव्हर उतरतो, उदबत्ती लावतो, हात जोडतो आणि मगच पुढे जातो. पहिल्या दिवशी मला वाटलं, काकाजी इथे थांबणारच नाहीत. पण त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चाकाला दगड लावायला मला सांगितलं आणि मागे वळून म्हणाले, "उतरा माय, उतरा बाप्पा. सावकाश दर्शन घ्या." सगळे उतरले. ते मात्र सीटवर बसून राहिले, दोन्ही हात मांडीवर.

गाडीत एक गवळ्यांची म्हातारी नेहमी असायची. चिखलदऱ्याच्या बाजूला गवळी लोक खवा करतात. ही परतवाड्याला खवा विकून रिकामा डबा घेऊन परत जायची. तिचे गुडघे गेलेले होते. तिला उतरायला, ठाण्यापर्यंत जायला, फूल वाहायला, परत चढायला सगळ्यांत जास्त वेळ लागे. बाकीचे लोक सीटवर येऊन चुळबुळत. काकाजी कधी हॉर्न वाजवत नसत. ती पायरीवर आली की मला सांगत, "हात दे मायले." एकदा तिने त्यांना विचारलं, "बापा, तू काहून नाई येत खाली? पाय दुखते का तुये?"

"नाई वो माय. माया देव गाडीतच बसला हाय. त्याले एकटं कसं सोडू?"

म्हातारी खूप हसली. "मंग त्याले सांभाळ. अन् मले नीट घरी ने."

प्रसादाचं काय व्हायचं तेही सांगतो. कोणी खोबरं आणायचं, कोणी साखरफुटाणे, जत्रेहून येणारे लोक पेढे आणायचे. आधी ड्रायव्हरसमोर धरायचे, कारण गाडीत तोच मोठा. काकाजी हात मागे घेत आणि माझ्याकडे बोट करत. "कंडक्टर साहेबाले द्या. पोट्टा अभ्यास करून रायला, त्याले ताकद पायजे." असा दोघांचा प्रसाद मी एकटाच खायचो. त्या नोकरीत माझ्या शर्टाचं माप दोनदा बदलावं लागलं.

अभ्यासाचं खरंच होतं. चिखलदऱ्याला गाडी काही वेळ उभी असे. ते मला मागच्या लांब सीटवर बसवत आणि म्हणत, "वाच. मोठ्यानं वाच, मलेबी ऐकू येऊ दे." मी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. बरेचदा घोरायचे. पण मी थांबलो की लगेच जागे, "काहून थांबला?" माझा डबा संपला असला तर त्यांच्या डब्यातली भाकर येई. मी ज्या परीक्षेतून आज या टेबलापर्यंत आलो तिचा बराचसा अभ्यास त्या उभ्या गाडीत झाला. हे मी माझ्या मुलांना सांगतो तेव्हा त्यांना ती गोष्ट वाटते.

निकाल लागला त्या दिवशी आई गावाहून पेढे घेऊन डेपोत आली. आधी गावच्या देवाला दाखवलेले. काकाजींनी पेढ्याला हात लावला नाही, आईला मात्र वाकून दंडवत घातला. मी ओशाळलो. आईने पिशवीत हात घातला आणि दुसरा पुडा काढला. "हे कोन्या देवाले दाखवले नाई जी. हलवायाच्या दुकानातून सरळ तुमच्यासाठी आनले." मी तिला काकाजींबद्दल कधी सांगितलं असेल ते तिने लक्षात ठेवलं होतं. काकाजींनी चार पेढे खाल्ले. परत जाताना आई म्हणाली, "त्याईचा देव त्याईपाशी. पन पोराचा पेढा तं खाल्ला पाहिजे ना मानसानं." आमची आई शाळेत गेलेली नाही. एवढी साधी गोष्ट डेपोत कुणाला सुचली असती तर काकाजींचा घाट सुटला नसता.

घाट सुटला तो त्याच्या आदल्या वर्षी. श्रावणातला दिवस होता आणि दाट धुकं होतं. देवीचं वळण ओलांडून थोडं पुढे गेलो आणि गाडी घसरली. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. काकाजींनी गाडी डोंगराकडे घातली. ती नालीत उतरली आणि तिरकी होऊन थांबली. एका बाईच्या कपाळाला खरचटलं, खव्याचा एक डबा उपडा झाला, बाकी कुणाला काही झालं नाही. खाली उतरून सगळ्यांनी दरीकडे बघितलं आणि आधी देवीचा जयजयकार केला. मग कोणीतरी म्हणालं, "पन घसरली काहून? हा मानूस हात जोडत नाई म्हनून." संध्याकाळपर्यंत हे वाक्य वरच्या सगळ्या गावांत पोचलं. वाचवलं देवीनं आणि घसरवलं काकाजींनी, असा हिशेब झाला.

त्यानंतर काकाजी सीटवर दिसले की काही लोक गाडीत चढत नसत. वरच्या गावांतली मंडळी डेपोत येऊन मॅनेजर साहेबांना भेटून गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी काकाजींना बोलावलं, मलाही बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"खंडेनवमीला आपल्याकडे गाड्यांची पूजा असते," साहेब म्हणाले. "वरची चार माणसं बोलावतो. त्यांच्यासमोर तुम्ही गाडीला एक नारळ फोडा, देवीच्या नावाने हात जोडा. विषय संपला. नाहीतर मला तुम्हाला घाटावरून काढावं लागेल. लोक गाडीतच बसत नसतील तर मी काय करू?"

काकाजी चहात बघत राहिले. घाट हा त्यांचा जीव होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते स्टँडवर येऊन वरून आलेल्या गाडीच्या चाकांना लागलेला लाल चिखल बघत बसत. कोणत्या वळणावर मोहाची झाडं आहेत, कुठे अस्वलाचा रस्ता आहे, कुठे धुकं आधी उतरतं, हे सगळं त्यांना एखाद्या घरासारखं ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर हेड मेकॅनिकने वाट काढून दिली. तोंडाचा फाटका, पण काकाजींवर त्याचा जीव होता. "तू नको फोडू बे. या पोट्ट्याच्या हातानं फोड. नाव तुयं घेऊ. तुया देवाले कोन सांगते?"

काकाजींना हसू आलं. "अन् त्यानं इचारलं तं?"

"काय वेगळं डिझेल देते का रे तुया देव?"

"नाई बावा, डिझेल तं डेपोचंच. गाडी फक्त त्याच्या नावानं चालवतो."

त्या दिवशी घाटातून उतरताना गाडी रिकामीच होती. मी पुढे जाऊन त्यांच्याशेजारी इंजिनाजवळ उभा राहिलो आणि म्हटलं, "काकाजी, एक नारळ. मी फोडतो. काय जाते?"

 दोन वळणं गेली.

"नारळात काई नाई जात रे," ते म्हणाले. "त्या देवीवर मायं काई वाकडं नाई. लोकायचा भाव हाय तिच्यावर, म्हनून तं थांबतो. पन मी तिच्यापुढं खोटे हात जोडले, तं तिलेबी फसवलं अन् माया स्वामीलेबी फसवलं. दोघायले फसवून मंग या वळणावर स्टेअरिंग कोन्या हातानं धरू?"

पुढे म्हणाले, "अन् तुया हातानं फोडला, तरी फोडाची बेल मीच मारली ना."

 मी माझ्या जागेवर जाऊन बसलो.

खंडेनवमीच्या दिवशी डेपोत गाड्या रांगेत उभ्या होत्या. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, कुंकवाचे पट्टे. सगळ्यांत चकचकीत आमची गाडी होती. काकाजी पहाटेच येऊन तिला धूत होते. वरून आलेली चार माणसं खुर्च्यांवर बसली होती. काकाजी गाडीखालून निघाले ते ओल्या कपड्यांनी, हाताला ग्रीस. सगळ्यांना त्यांनी दंडवत घातला, हात धुतले. साहेबांनी ताटातला नारळ त्यांच्यासमोर धरला.

काकाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. मागे कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला. हेड मेकॅनिकने माझ्या पाठीवर थाप मारली. मला आठवतं, माझे डोळे भरून आले होते आणि ते कशामुळे हे मला कळत नव्हतं. ते वाचले म्हणून, की हरले म्हणून.

त्यांनी नारळ पुन्हा ताटात ठेवला. अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"साहेब, तुमचा मान मले हाय. गाडी धुतली, ब्रेक पाह्यले, चाकाईची हवा पाह्यली. मले जे पूजा येते ते झाली. ह्या दुसऱ्या पूजेसाठी दुसरा ड्रायव्हर पाहा."

मग ते केबिनमध्ये चढले. सीटवर त्यांची एक उशी असायची, काकूंनी जुन्या लुगड्याची शिवलेली. ती काखेत मारली, पाण्याची बाटली घेतली आणि खाली उतरले. उतरल्यावर तळहाताने गाडीच्या बाजूवर एकदा थोपटलं, जसं लोक बैलाला थोपटतात.  वरच्या माणसांपैकी एक जण खाली बघत होता.

त्यांना अमरावती–अकोला रस्ता मिळाला. सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना कपाशी. मी घाटावरच राहिलो, नव्या ड्रायव्हरबरोबर. हा पोरगा भाविक होता. समोर देव्हारा, त्यात लुकलुकणारे दिवे. पण वेळेच्या बाबतीत त्याला भारी घाई. देवीचं वळण आलं की तो गाडी थांबवत नसे, जरा हळू करी, खिडकीतून नाणं फेके आणि चालत्या गाडीत दोन्ही हात सोडून नमस्कार करी.  गवळ्यांची म्हातारी पहिल्या दिवशी फूल हातात घेऊन उठून उभी राहिली आणि वळण मागे गेलं तरी तशीच उभी होती. मग बसली.

"तो दंडवतवाला कोठी गेला रे?" तिने मला विचारलं.

"अकोल्याच्या गाडीवर आहे, माय."

"त्याले म्हना, देवी इचारून रायली."

तिने ते फूल डब्याच्या झाकणाखाली ठेवलं. मी हा निरोप काकाजींना दिला. ते म्हणाले, "मायले चढाले हात देत जा. पायरी उंच हाय."

पुढे मी परीक्षा पास झालो, अकोल्याला आलो. काकाजी त्याच रस्त्यावरून निवृत्त झाले आणि अकोल्यातच मुलाकडे राहायला लागले. रविवारी मी त्यांच्याकडे जायचो. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी घाटावर येऊन थांबायचं. "आता मोह फुलला असन," ते म्हणत. किंवा नुसतंच, "आज वर धुकं असन." घाट सुटल्यापासून ते एकदाही वर गेले नव्हते. मुलाने नेतो म्हटलं होतं, यांनीच नाही म्हटलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पॅसेंजर होऊन नाई जाववत रे."

मी गाडी घेतली तेव्हा, जुनीच, छोटी, थेट त्यांच्या दारात नेली. म्हटलं, "काकाजी, मला घाटात चालवता येत नाही. ड्रायव्हर पाहिजे." हे खरंच होतं, आजही येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आत गेले आणि काखेत उशी घेऊन बाहेर आले.

परतवाडा मागे पडला. घाट लागला आणि खिडकीतून हात बाहेर गेला, "दंडवत!" वानरं बाजूला झाली. साठी उलटलेला माणूस, पण वळणावर हात तसेच, गुळगुळीत. मी शेजारी बसून त्यांचा चेहरा बघत होतो. असा चेहरा अकोल्यात कधी दिसला नव्हता.

देवीचं वळण आलं. त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मी न सांगता उतरून चाकाला दगड लावला.

"जा," ते म्हणाले. "सावकाश दर्शन घे."

मी ठाण्यापाशी गेलो. गवळ्यांची म्हातारी मागच्याच हिवाळ्यात गेल्याचं मला कळलं होतं. तिच्या नावाने एक फूल वाहिलं, हात जोडले. वळून बघितलं तर काकाजी सीटवर होते, दोन्ही हात मांडीवर, तोंड आमच्या दिशेला. ज्या माणसाने या ठाण्यापुढे एकदाही मान लववली नाही, त्याच्याइतक्या शांतपणे इथे दुसऱ्या कुणी वाट पाहिली नसेल.

मी परत आलो तेव्हा त्यांनी मान मागे वळवून रिकाम्या सीटकडे बघितलं.

"आले का सगळे?"

 आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो. सागाची मोठाली पानं वाऱ्याने एकमेकांवर घासत होती. गुडघे गेलेल्या एका माणसाला पायरीपर्यंत यायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ गेला.

"आले, काकाजी."

त्यांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं. मी चाकाचा दगड काढून बाहेरच, मागच्या दाराशी, उभा होतो. त्यांनी डोकं वर काढलं आणि बाजूच्या आरशात माझ्याकडे बघितलं. मी टपावर हाताने दोनदा थाप मारली, दुसरी जराशी लांबवून.

गाडी सुरू झाली.